माझं वजन आणि सुकाणूचा दांडा

अर्नाळ्याच्या शिडाच्या शर्यतीत आमची होडी चार वेळा पहिली आली, आणि मी होडीत नसतो तर ती एकदाही आली नसती. माझ्या जागी वाळूची दोन पोती ठेवली असती तरी आली असती, पण पोत्यांना हाक मारून या काठावरून त्या काठावर जा असं सांगता येत नाही, म्हणून मला घ्यायचे.

होडी कलू नये म्हणून तळाला दगड नाहीतर वाळू टाकतात, त्याला निरम म्हणतात. मी हातापायांचं निरम होतो. वारा उजवीकडून आला की उजव्या काठावर बसायचं, शीड फिरलं की पळत डाव्या काठावर जायचं. पळत म्हणजे माझ्या मानाने. तेव्हा मी बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या फोडायचो आणि दुपारी घरी जेवायला आलो की बायको भाताचा टोप दुसऱ्यांदा चुलीवर ठेवायची.

मी मूळचा खाडीपलीकडचा. मच्छीमाराच्या घरातच जन्मलो, पण दर्या पोटाला मानवला नाही. बाप दर्यातून मासे घेऊन यायचा आणि मी दर्याला जेवण परत करून यायचो. शाळेचंही तसंच. तिसरीत मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, पोराला उगाच त्रास देऊ नका, आम्हालाही होतो. म्हणून आता हे मी सांगतो आणि मुलगी लिहिते. माझी भाषा ती धुऊन वाळत घालते, पण डाग काही सगळे जात नाहीत. तर असा मी, दर्यातही नाही नि पाटीवरही नाही, म्हणून अर्नाळ्याच्या एका तांडेलाने मला घरजावई करून घेतला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, त्याच्या शब्दावर होडी चालते. का करून घेतला ते मला लग्नानंतर पहिल्या शर्यतीला कळलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघून पसंत केला होता, आणि बघताना तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.

शर्यत शिमग्याच्या आधीच्या रविवारी असायची. बंदरात सगळ्यांनी इंजिनं बसवली होती, शिडं माळ्यावर उंदरांना दिली होती. पण सात-आठ म्हाताऱ्या तांडेलांचा जीव शिडातच होता. वर्षातून एकदा ते आपल्या लहान होड्या घासूनपुसून काढायचे, माळ्यावरची शिडं उतरवायचे. किनाऱ्यावरून निघायचं, किल्ल्याच्या बेटामागे बांबूवर झेंडा लावलेला, त्याला वळसा घालून परत यायचं. बक्षीस एक नारळ. होडीत सहा माणसं आणि सहाही हौसेची. पगारी खलाशी घेतला की होडी बाद. शर्यतीनंतर तांडेलाच्या घरी जेवायचं, एवढंच.

या हौशी माणसांना बोलवायची एक रीत होती. "माझ्या होडीत ये" असं तांडेल म्हणायचा नाही. तो आठवडाभर आधी घरी यायचा, उंबऱ्यावर बसायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा, "रविवारी काय काम हाय?" आपण म्हणायचं, "काय नाय." झालं, ठरलं. काम असलं तरी "काय नाय" म्हणायचं. एका वर्षी एकाचं त्याच रविवारी लग्न होतं, तोही "काय नाय" म्हणाला आणि मुहूर्त संध्याकाळचा काढून घेतला.

मला विचारायला कोणी यायचं नाही. सासऱ्याला मी मामा म्हणायचो, एकाच घरात राहायचो. मामा जेवताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुला इचारत नाय. तुला काय काम असनार?"

मामांच्या घरात देवाच्या फळीखाली दोन खिळ्यांवर सुकाणूचा दांडा ठेवलेला असायचा. सुकाणू पाण्यात मागे असतं, ते फिरवायला वर जो लाकडी दांडा लावतात तो. होडी किनाऱ्याला लावली की मामा दांडा काढून खांद्यावर टाकून घरी आणायचे. दोन हात लांब, सागाचा, धरून धरून काळा नि गुळगुळीत झालेला. बायको सणासुदीला त्याला खोबरेल चोळायची. मला हळदीतही कोणी एवढ्या मायेनं चोळलं नव्हतं.

बारा वर्षं मी त्या दांड्याखाली जेवलो. मामांना मुलगा एकच, माझा मेव्हणा. तो शिडाचा दोर धरायचा. त्याला सुकाणूची हाव नव्हती. "दोरानं हात दुखतात, सुकानानं डोकं दुखतं," म्हणायचा. म्हणजे मामांच्या मागे दांडा माझा, असं मी धरून चाललो होतो. मला सुकाणू येत नाही ही गोष्ट मी धरली नव्हती.

एकदा घरी कोणी नाही बघून मी दांडा खाली काढला, टोप पालथा घालून त्याच्यावर बसलो, दांडा काखेत धरला आणि डोळे मिटून झेंड्याच्या बांबूला वळसा घातला. छान वळली होडी. मी मागे बघून बाकीच्या तांडेलांना हात केला. डोळे उघडले तर बायको दारात.

"कुठं चालले? घर डहानूला नेता काय?"

"जरा वारा पडला म्हनून थांबलो होतो," मी म्हटलं.

"टोपाला पोचा आला तर जेवायचं कशात ते बघा," म्हणाली, आणि दांडा माझ्या हातातून घेऊन पदराने पुसून जागेवर ठेवला. मी हात लावला म्हणून पुसला, हे मी लक्षात ठेवलं.

अशात साहेब आला.

साहेब म्हणजे मुंबईत कुठल्याशा ऑफिसात कारकून, तुळिंजला फ्लॅट. मूळ गाव माणदेशात, जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं. रविवारी स्कूटरवरून मासळी घ्यायला अर्नाळ्याला यायचा. एका रविवारी मामा किनाऱ्यावर शीड शिवत बसले होते, मी बाजूला बसून सुईत दोरा ओवायच्या नावाखाली झोपलो होतो. साहेब पिशवी घेऊन उभा राहिला.

"काका, वारा समोरून आला तर हे जातं कसं पुढं?"

असले प्रश्न विचारणारे पुष्कळ येतात. मामा कोणाला उत्तर देत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्म्यातून वर बघितलं आणि म्हणाले, "बस, दावतो."

मी जागा झालो. बारा वर्षांत मामांनी मला "बस" पुष्कळ वेळा म्हटलं होतं. "दावतो" कधीच म्हटलं नव्हतं.

मग साहेब दर रविवारी. पांढरे कॅनव्हासचे बूट काढून वाळूत पालथे ठेवायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि होडी ढकलायला लागायचा. खिशात एक वही, त्यात भरती-ओहोटीच्या वेळा, वारा कुठून होता, शीड किती सोडलं, सगळं बारीक अक्षरात. मामांना वाचता येत नव्हतं, पण ते वही हातात घेऊन पानं उलटायचे आणि मान हलवायचे. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "मामा, वही उलटी धरली." मामा म्हणाले, "तुला कसं कळलं?" खरंच, मला कसं कळणार होतं.

माणदेशी माणूस, लाट बघितली की आडवा होईल, म्हणून मी वाट बघत होतो. पहिल्यांदा उधाणात होडी काढली, वर-खाली, वर-खाली, आणि मी काठावरून वाकून सकाळची भाकरी, सुकट, चहा, सगळं दर्याला देऊन टाकलं. पाठीवर कोणाचा तरी हात फिरला. साहेब.

"भाऊ, लिंबू चोखा. बरं वाटंल."

खिशातून लिंबू काढून दिलं. टँकरच्या गावचा माणूस मला दर्यात लिंबू देतो! मी ते फेकणार होतो, पण फार मळमळत होतं, म्हणून चोखलं. बरं वाटलं, याचाही मला राग आला.

खरा घाव पुढे बसला. रविवारी घरी घोळ माशाचं कालवण व्हायचं. डोक्याचा तुकडा बारा वर्षं माझ्या ताटात. घरजावयाला मान नसतो म्हणतात, पण माझ्या ताटात घोळीचं डोकं असायचं, मी तोच मान समजायचो. एका रविवारी मामांनी साहेबाला जेवायला ठेवून घेतलं आणि बायकोने डोकं साहेबाच्या ताटात वाढलं.

साहेब ताटाकडे बघत राहिला. "हे खायचं कसं?"

ज्याला खाता येत नाही त्याला डोकं! मी शेपटीकडचा तुकडा चावत होतो, काटे मोजत होतो. मामा त्याच्या शेजारी सरकून त्याला डोकं फोडून दाखवत होते. त्यांच्या बोटांचा रस्सा साहेबाच्या मनगटावर ओघळत होता. त्या दिवशी मी एकदाच भात घेतला. बायकोने विचारलं, "बरं नाय काय?" मी म्हटलं, "भूक नाय." ती घाबरली. लग्नानंतर हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती.

दोन वर्षं असंच चाललं. साहेब शर्यतीत आधी पाणी उपसायला, मग मेव्हण्याबरोबर दोराला. तोवर मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन कर म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मामा म्हणाले, "डोळ्याला कोन हात लावनार नाय." त्या वर्षी शीड माळ्यावरून उतरवायचा दिवस आला. दांडा द्यायचा असेल तर याच दिवशी, सगळ्यांच्या समोर द्यायचा, अशी बंदरातली पद्धत. सहाही जण अंगणात जमलो. मामांनी फळीखालचा दांडा काढला आणि बाहेर आले. मी लुंगीला हात पुसून उभा राहिलो. हात पुढे केले. मामा माझ्या अंगावरून पुढे गेले.

दिसत नाही म्हणून चुकले असतील, असं वाटून मी खाकरलो.

"तू हाय ते दिसतंय," मामा न थांबता म्हणाले. "तेवढा दिसतोस."

दांडा साहेबाच्या हातात दिला. साहेबाने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. त्याचे डोळे भरले. माझेही भरले, पण ते कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी आनंदाने भरले असं धरलं असतं.

शर्यतीच्या दिवशी मामा होडीत आलेच. डोलकाठीच्या बुडाशी बसले, हात गुडघ्यांवर. साहेब सुकाणूवर, मेव्हणा आणि बर्फाच्या फॅक्टरीतला माझा एक जोडीदार दोराला. मी उजव्या काठावर, आणि माझ्या जोडीला आगाशीचा एक रिक्षावाला. तो माझ्या निम्मा होता. आम्ही दोघे मिळून दीड निरम.

दुपारचा वायव्येचा वारा सुटला होता. आमची होडी अशी निघाली, अशी निघाली की मी शिव्या द्यायलाही विसरलो. साहेब चांगला चालवत होता. खोटं कशाला बोलू. वारा जरा वाढला की तो दांडा बोटभर सोडायचा, होडी श्वास घेतल्यासारखी हलकी व्हायची. किल्ला मागे गेला. पुढे बांबूवरचा झेंडा, मागे सगळ्या होड्या. किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी, आणि त्या मुंग्या ओरडत होत्या. मला वाटलं, आज हा जिंकला तर दांडा कायमचा याच्या घरी तुळिंजला राहणार. तिथे त्याची बायको त्याला खोबरेल लावणार.

बांबूपाशी आलो. इथे सगळं एकाच वेळी करायचं असतं. सुकाणू वळतं, मेव्हणा शिडाचा बांबू पलीकडे घेतो आणि निरम पलीकडच्या काठावर जातं. निरम गेलं नाही तर वारा ज्या बाजूला ढकलतो त्याच बाजूला वजनही येतं.

साहेब ओरडला, "चला!"

रिक्षावाला उडी मारून गेला. मी बसून राहिलो.

फार नाही. अंगावरची माशी मारायला लागतो तेवढाच वेळ. मनात एवढंच आलं, पुन्हा म्हण. मला एकदा नीट विचार. मामा नुसतं "हां" म्हणायचे आणि मी उडायचो. हा कोण मला चला म्हणणार?

तेवढ्यात होडी माझ्या बाजूला बसली. काठावरून पाणी आत आलं, बादलीने ओतल्यासारखं नाही, दार उघडल्यासारखं. शिडाचं टोक पाण्याला लागलं. मग मी पलीकडे जायला उठलो, तर पाय घसरून थेट रिक्षावाल्यावर, आणि त्याच्यासकट परत त्याच बाजूला. मेव्हण्याने दोर सोडून दिला म्हणून होडी उलटली नाही. मांड्यांपर्यंत पाणी. मामा डोलकाठीला मिठी मारून बसलेले, चष्मा गेलेला. साहेब एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने मामांची कॉलर धरून उभा. आम्ही भाकरीच्या डब्यांनी पाणी उपसत होतो आणि एकेक होडी बाजूने जात होती.

शेवटच्या होडीचा म्हातारा तांडेल आमच्याकडे बघून ओरडला, "अरे, होडीत बसायचं असतंय, होडीत पवायचं नाय!"

आम्ही सगळ्यात शेवटी किनाऱ्याला लागलो. माणसं गोळा झाली. कोण काय बोलतंय, कोण हसतंय. मी तोंड उघडणार होतो. देवाशपथ, उघडणार होतो. तेवढ्यात साहेब पुढे आला, सगळ्यांसमोर मामांच्या पाया पडला आणि म्हणाला, "चूक माझी. मी हाक उशिरा दिली."

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सुकाणू घेतलं, घोळीचं डोकं घेतलं, मामा घेतले. माझी एक चूक तेवढी माझी स्वतःची होती, ती पण घेऊन गेला.

पुढच्या रविवारी साहेब आला तो बूट न काढता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा मामांच्या पायाशी ठेवला. "काका, तुम्ही बुडता बुडता राहिलात. मला हे झेपायचं नाही," एवढं बोलून गेला. त्यानंतर आला नाही. मासळीही दुसरीकडून घेत असणार.

मामा दांड्याला हात न लावता बसून राहिले. तो बायकोने उचलून जागेवर ठेवला. मामा किनाऱ्यावर जायचे बंद झाले. सकाळी अंगणात खुर्ची टाकून दर्याकडे पाठ करून बसायचे. रस्त्यावर स्कूटर वाजली की मान वर करायचे, स्कूटर पुढे गेली की खाली. मला हवं होतं तसं सगळं झालं होतं, आणि घोळीचं डोकं परत माझ्या ताटात आलं होतं. पण मामा समोर बसून नुसता भात चिवडत असायचे, मग ते डोकं घशाखाली उतरेना. उतरत होतं, पण चव लागत नव्हती.

शेवटी मामाच एक दिवस म्हणाले, "काढ तो दांडा. तुज्या मनात हाय ना? चल."

मामा, मेव्हणा आणि मी, तिघेच निघालो. वारा मंद, दर्या ताटलीसारखा. मी दांडा काखेत घेतला. टोपावर बसून केलं होतं तसंच सगळं करत होतो. किनाऱ्यावर बायको कोळंबी सुकवत होती. तिने बघावं म्हणून मी उठून हात केला. तिने बघितलं नाही म्हणून आणखी मोठा केला. ती पण हात हलवायला लागली, जोरजोरात, दोन्ही हात. मी खूष. ती काय ओरडत होती ते होडी वाळूत घुसल्यावर कळलं.

ओहोटी होती. पाणी बघता बघता निघून गेलं आणि होडी चिखलवाळूत एका कुशीवर आडवी झाली. आता भरती येईपर्यंत चार-पाच तास. मेव्हणा उतरून चालत घरी गेला, जाताना म्हणाला, "आता डोकं दुखतंय." मी आणि मामा तिरक्या होडीत तिरके बसलो. बायका-माणसं किनाऱ्यावरून बघून जात होती.

बराच वेळ गेल्यावर मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी हललो नाय."

"ठाऊक हाय."

"तुमाला दिसतं कुठं?"

"डोळे गेले, बूड हाय ना. होडी कोनाच्या अंगानं बसली ते बुडाला कळतं."

"मंग साहेबाला का नाय सांगितलं?"

"मी कशाला सांगू?" मामा म्हणाले. "मी बसून ऱ्हायलो होतो काय?"



दुसऱ्या दिवशी मी दांडा खांद्यावर घेऊन एस.टी.त बसलो. विरारला बस बदलून तुळिंज. कंडक्टरने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "सुकान." "कशाचं?" "होडीचं." "मग होडीनं जायचं ना," म्हणाला. सगळी बस हसली. मी पण हसलो. एरवी मी अशा वेळी आणखी दोन विनोद करतो, त्या दिवशी सुचले नाहीत.

साहेबाच्या बिल्डिंगखाली टँकर उभा होता, बादल्यांची रांग. रांगेत साहेब, दोन्ही हातांत हंडे. माणदेश सोडून तुळिंजला आला, पण टँकर काही सुटला नव्हता. मला बघून तो दचकला. दांडा बघून त्याने हंडे खाली ठेवले. मी दांडा काखोटीला मारला आणि त्याचे हंडे भरल्यावर दोन्ही उचलले. मोठेपणा करायची मला घाई असते. फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता हे मला ठाऊक नव्हतं, लिफ्टही नव्हती. तिसऱ्या मजल्यावर माझा दम संपला, म्हणून कबुली थोडक्यात झाली.

"त्या दिवशी... तुमी हाक वेळेत दिली... मी मुद्दाम बसलो."

साहेब जिन्यात उभा राहिला. "मुद्दाम?"

"जळत होतो," मी म्हटलं.

तो रागावेल, शिवी देईल, एखादी थोबाडीत बसेल, अशी तयारी करून मी हंडे खाली ठेवले. तेवढ्यात वरून त्याची बायको वाकून बघायला लागली. "अगंबाई, तुम्हीच ना अर्नाळ्याचे? हे सांगत असतात, होडीत सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणून."

थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं. माझ्याबद्दल घरी इतकं चांगलं सांगणाऱ्या माणसावर नीट जळताही येत नाही, अर्धवट जळावं लागतं, आणि त्याने जास्त त्रास होतो.

वर गेलो. उंबऱ्यावर बसलो. पाणी मागितलं, प्यायलो. दांडा मांडीवर आडवा ठेवला. बारा-चौदा वर्षांत हे वाक्य मला कोणी विचारलं नव्हतं, आणि पहिल्यांदा तोंडात आलं ते दुसऱ्याला विचारायला.

"रविवारी काय काम हाय?"

 खाली टँकरवाला हॉर्न देत होता. मग साहेबाने दांड्यावर हात ठेवला, आणि अगदी आमच्या बंदरातल्यासारखं म्हणाला, "काय नाय."

आता सांगतो. पहिल्या वाक्यात मी होडी चार वेळा पहिली आली म्हणालो, त्यातल्या दोन वेळा मामा सुकाणूवर होते आणि दोन वेळा, या रविवारनंतरच्या वर्षांत, साहेब. हे मी इतका वेळ मुद्दाम सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी स्कूटर वाजली तेव्हा मामा खुर्चीतून उठून फाटकापर्यंत एकटे चालत गेले, वाटेत कुंडीला अडखळले, पण गेले. सगळे होडीपाशी जमलो. साहेबाने बूट पालथे ठेवले, दांडा बसवला. होडी पाण्यात गेली. मी मामांना हात धरून डोलकाठीपाशी बसवलं आणि तिथेच जरा घुटमळलो. मला वाटत होतं, कोणीतरी काहीतरी म्हणावं. स्वतःहून तुळिंजला गेलो, चार मजले हंडे चढवले, जळणं गिळून दांडा दुसऱ्याच्या हातात दिला, हे काही थोडं नाही. कोणी काही म्हणेना, तेव्हा मीच म्हटलं.

"मामा, बघितलं ना? मी मन मोठं केलं."

मामांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

"मन ऱ्हाऊ दे घरी," म्हणाले. "आमाला तुजं वजन पायजे. जा, काठावर बस."